मुके पावे

बोरपाडा, पोस्ट धसई, ता. मुरबाड
९ ऑगस्ट १९५९

ती. सौ. गोदावहिनीस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, फक्त कान तेवढे खुशाल नाहीत. ते का, ते पुढे कळेलच.

जूनमध्ये इथं रुजू झाले तेव्हा तू विचारलं होतंस की शाळेची इमारत कशी आहे. इमारत म्हणजे देवजीबाबांची पडवी. देवजीबाबा गावातले जुने शेतकरी. त्यांच्या शब्दाला इथं मान आहे, आणि त्यांनी पडवी दिली म्हणून ही नवी शाळा उघडली तरी. पडवीच्या एका कडेला आम्ही बसतो, दुसऱ्या कडेला बाबा अंबाडीच्या दोऱ्या वळत बसतात आणि मधे त्यांचं वासरू बांधलेलं असतं. वासराची हजेरी सगळ्यांत चांगली आहे.

आता कानांचं. मूलोद्योगाच्या तासाला पोरांकडून टकळीवर सूत काढून घ्यायचं असा नियम. माझ्या पोरांनी काढलेलं सूत इतकं जाडंभरडं निघालं की बाबांनी ते वासराच्या गळ्याला म्हणून मागून नेलं. तेव्हा मला ट्रेनिंगचं वर्ष आठवलं. एक इंग्रज बाई आल्या होत्या बघ, लहान मुलांना शिकवायचं एक उभं वाद्य घेऊन. त्या त्याला रेकॉर्डर म्हणत. लाकडाचा रेकॉर्डर आम्हाला कोण देणार, म्हणून त्यांनी तो बांबूचा करायला शिकवला होता. इकडे त्याला सगळे सरळ पावा म्हणतात. बांबूची कांडी घ्यायची, तोंडाशी पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचं बूच बसवायचं, पुढे एक खिडकी कापायची आणि तापल्या सळईनं सहा भोकं पाडायची. ज्याचा पावा त्यानंच करायचा, असा त्या बाईंचा दंडक होता आणि तो मी इथं चालवला. भोकं तेवढी मी पाडून दिली.

पावे झाले, पण वाजवणं राहिलं. पहिली-दुसरीच्या पोरांना फुंका म्हटलं की ती चूल पेटवायला बसल्यासारखी फुंकतात. हौशी नावाच्या पोरीनं तर घरी नेऊन खरोखरच चूल फुंकली आणि छान पेटते म्हणून सांगत आली. शेवटी मी म्हटलं, गरम पेजेवर कशी फुंकर घालता, तेवढीच घाला. तेव्हापासून जरा माणसात आलो आहोत. बोटं इवलीशी, भोकं नीट झाकत नाहीत आणि मग पावा असा किंचाळतो की वासरू दावं तोडायला बघतं. यात एकीचीच बोटं शहाणी आहेत. बारकी तिचं नाव, देवजीबाबांची नात, पहिलीत आहे. अंगानं एवढीशी आहे, पण पावा हातात आला की आईपेक्षा गंभीर होते.

एक पावा तुला टपालानं पाठवला आहे. कोणत्या सुराला कोणती भोकं झाकायची त्याचं चित्रही सोबत आहे. घरात वाजवलास तर आई काय म्हणेल ते मला कळव.

आईला नमस्कार. दादाला सांग की मी वेळेवर जेवते. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी नणंद,
अंबू


शहापूर
२३ ऑगस्ट १९५९

चि. अंबूवन्संस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पावा पोचला. तुझ्या दादांनी पार्सल उघडलं आणि बहिणीनं लाटणं कशाला पाठवलं म्हणून विचारलं. ते सायकलवर टांग टाकून आटगाव स्टेशनात कामावर गेले आणि मी पावा तोंडाला लावला. मांजर कौलांवर गेली ती संध्याकाळी उतरली. सासूबाईंनी माजघरातून विचारलं की कपाट सरकवतेस का गं.

म्हणून मी एक युक्ती काढली आहे. दुपारी सासूबाई कलंडल्या की मी मागच्या दारी बसते आणि पावा नुसता हनुवटीला टेकवून तुझ्या चित्राप्रमाणे बोटं चालवते. फुंकर अजिबात घालत नाही. चाल मनातल्या मनात म्हणायची. हसू नकोस, बोटं खरंच शिकतात. परवा भाकरी थापतानासुद्धा ती आपली आपण चालत होती आणि भाकरीला सहा खळगे पडले. तुझ्या दादांनी न विचारता खाल्ली.

अंबू, एक गोष्ट मनाला लागून आहे, ती विचारते. देवजीबाबांनी पडवी भातकापणीपर्यंतच दिली आहे असं तू आल्या आल्या दादांना कळवलं होतंस. त्यानंतर शाळा कुठे भरणार? तुझे दादा रोज विचारत नाहीत, पण कॅलेंडरकडे बघतात. त्यांच्या मनात तुला घरी आणायचं आहे हे तुला ठाऊक आहेच.

पोटाला जप. पोरांना माझ्याकडून एकेक गोड पापा आणि वासराला गवत.

तुझी,
गोदावहिनी


बोरपाडा
६ सप्टेंबर १९५९

ती. सौ. गोदावहिनीस,
सा. न. वि. वि.

उद्या गणपती बसतील आणि तुला श्वास घ्यायला फुरसत नसेल, तरी हे पत्र दोनदा वाच. सोबत दादाच्या नावानं एक पत्र आहे. अक्षर माझं आहे, मजकूर माझ्याविरुद्ध आहे.

झालं असं की देवजीबाबा शुक्रवारी शाळा सुटल्यावर माझ्यासमोर येऊन बसले आणि तुझ्या घरात मोठं कोण आहे म्हणून विचारू लागले. दादा म्हटल्यावर म्हणाले की त्याला माझं एक पत्र लिही, तुझी तक्रार करायची आहे. गावात लिहिता येणारी मी एकटीच, तेव्हा दुसरं कोण लिहिणार? मी म्हटलं, बाबा, जे बोलाल ते जसंच्या तसं उतरवीन. तसंच उतरवलं आहे. मग त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं, तरी मी काही गाळलं असेल असा संशय त्यांना राहिलाच. म्हणून त्यांनी बारकीला तपासायला बसवलं. बारकीला स्वतःचं नाव तेवढं वाचता येतं. तिनं ते कागदावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा पत्र खरं आहे अशी बाबांची खात्री पटली आणि त्यांनी अंगठा उठवला.

ते वाच म्हणजे माझी अडचण कळेल. बाबांशी भांडले तर पडवी उद्याच जाईल. नाही भांडले तर पावे गेले. आणि वहिनी, आता पावे गेले तर निम्मी पोरं जातील. पोश्या नावाचा एक मुलगा आहे, तो नुसता पाव्यासाठी ओढा ओलांडून येतो आणि जाता जाता चार अक्षरं शिकतो. तू माहेरची म्हसा गावची, तुला इकडच्या शेतकऱ्यांचं मन ठाऊक. मला काहीतरी सुचव. मी खरंच गोंधळले आहे.

मोदक माझ्या वाटणीचे कुणाला दिलेस ते कळव आणि माझी आठवण मोदकांबरोबर संपवू नकोस.

तुझी,
अंबू

(सोबतचं पत्र)

अंबूबायच्या दादांना देवजीचा राम राम.

तुमची भन आमच्याकडं मास्तरीण हाय. मानूस चांगली हाय. पोरांना मारत नाय. पन ती पोरांना पावं फुकायला लावते. आता आमचा भात पोटरीत आला हाय. कनीस पोटात धरून उभा हाय. पोटुशी बायच्या कानाशी कोन पिपानी वाजवतो का? वाजवली का ती दचकते. भात दचकला का दाना भरत नाय, पोचट ऱ्हातो. आमच्या बापजाद्यांनी पोटरीच्या वख्ताला कवा पावा तोंडाला लावला नाय. गुरां राखनारी पोरां पन तवा पावा वळचनीला खोचून ठेवतात. लिवलं का बाय? बरा.

पडवी माजी हाय पन शाळा सरकारची हाय, म्हनून मी मदी बोललो नाय. बारकीला वरडलो तर ती रडते. ती रडली का मला जेवन जात नाय. तुमी मोटे भाऊ हाव, तुमी भनीला सांगा. भात कापून खळ्यावर येऊ दे, मंग फुका म्हनावं काय फुकायचा तो. थांब बाय, खोकला आला. हे लिवू नको. लिवलास? मंग ऱ्हाऊ दे.

देवजीचा अंगठा


शहापूर
१३ सप्टेंबर १९५९

चि. अंबूस,
गौरी-गणपतीचे आणि माझे आशीर्वाद.

तुझ्या वाटणीचे मोदक तुझ्या दादांनी खाल्ले आणि तुझं नाव घेऊन खाल्ले, म्हणजे ते तुलाच पोचले असं समज.

देवजीबाबांचं पत्र त्यांनी आरती झाल्यावर सगळ्यांसमोर वाचलं. खोकल्याशी आले तेव्हा इतके हसले की सासूबाईंनी पाणी आणून दिलं. मला फार बरं वाटलं गं. पण हसून झाल्यावर म्हणाले की म्हाताऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, ज्याच्या घरात बसायचं त्याच्या मनाविरुद्ध वाजवायचं कशाला. आणि भात कापून झाल्यावर अंबूनं सरळ घरी यावं, असं त्याच दमात बोलून गेले.

आता माझं ऐक. आमच्या म्हशाकडेही पोटरीच्या दिवसांत शेताच्या बांधावर शीळ घालू देत नसत. माझ्या वडिलांना आम्ही का म्हणून विचारलं तर ते म्हणाले होते की बाळंतिणीच्या खोलीत आपण हळू बोलतो ते का म्हणून विचारतो का. तेव्हा बाबांशी वाद घालू नकोस. त्यांचा राग पाव्यावर नाही, आवाजावर आहे. मग आवाज काढून घे आणि पावा ठेव. मी मागच्या दारी बसून करते तेच तुझ्या पोरांना करायला लाव. बोटं चालवायची, फुंकायचं नाही. भात झोपलंय, आपण फुंकून उठवायचं नाही, असं सांगितलंस तर पोरांना त्यातही गंमत वाटेल. पोरांना गप्प बसवणं अवघड आहे हे मला कळतं, पण मास्तरीण तू आहेस.

काय होतं ते कळव. हट्ट जरा कमी कर आणि तब्येत जरा जास्त कर.

तुझी,
गोदावहिनी


बोरपाडा
४ ऑक्टोबर १९५९

ती. सौ. गोदावहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या हातच्या भाकरीसारखीच तुझी युक्तीही फुगली. बाबा कबूल झाले!

पण पोरांवर त्यांचा विश्वास नव्हता. पोर म्हटलं की चुकून फुंकणारच, म्हणाले. म्हणून त्यांनी स्वतः एकेका पाव्याच्या खिडकीत कापूस कोंबला. तो टकळीसाठी आलेला सरकारी कापूस, जो इतके दिवस उंदरांच्या उपयोगी पडत होता. आता पावा कितीही फुंका, हूं की चूं नाही. रोज तासाच्या आधी बाबा सगळे पावे हातात घेऊन कापूस दाबून बघतात आणि मग वाटतात. मी त्यांना म्हटलं की तुम्ही माझे दुय्यम शिक्षक झालात. ते म्हणाले, पगार नको, पण दोरी वळायला बसतो तिथली जागा सोडणार नाही.

मी समोर उभी राहून चाल गुणगुणते, लावणीच्या दिवसांत बाया शेतात म्हणतात तीच. पोरं पावे हनुवटीला टेकवून बोटं चालवतात. पडवीत इतकी शांतता असते की वासराच्या रवंथाचा आवाज येतो. पहिल्या आठवड्यात एक भानगड झाली. मी डावा हात वर धरते, आणि पोरं माझ्या समोर बसून मला आरशात बघावं तशी बघत होती, तेव्हा सगळ्या वर्गाचा उजवा हात वर गेला. मला कळलं तोवर बोटं पक्की झाली होती. मग मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले, तर कुणी शिकेना, सगळे माझ्या वेणीत काय अडकलंय ते बघू लागले. शेवटी सोडून दिलं. सहा भोकांना डावं-उजवं कळत नाही.

आणि तुझं म्हणणं खरं ठरलं. किंचाळण्याची भीती गेल्यावर बोटं सुधारली. बारकी तर सगळीकडे वाजवते. पळीच्या दांड्यावर, खुंट्यावर, बाबा दुपारी आडवे झाले की त्यांच्या दंडावर. बाबांची बायको सावळीआजी म्हणते की म्हाताऱ्याला आता तिची बोटं दंडावर चालल्याशिवाय डोळा लागत नाही. बाबा दोरी वळता वळता एकसारखे तिच्याकडे बघत असतात. दोन वेळा त्यांनी मला थांबवून सांगितलं की चालीच्या मधल्या ओळीत बारकीचं बोट जरा उशिरा उठलं. ते बरोबर होतं, वहिनी. मलाच दिसलं नव्हतं.

आता वाईट बातमी. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात आठवड्याभरात कापायला लागतील. बाबांनी आठवण दिली की गरव्या, म्हणजे उशिरानं पिकणारं भात, खळ्यावरून निघालं की त्यांना पडवी भात ठेवायला लागेल. रागानं नाही बोलले, पण बोलले. मी देऊळ बघून आले. त्याला दार नाही आणि तिथं शेळ्या राहतात. दुसरी जागा गावात नाही. जागा नाही तर शाळा नाही, पोरांची नावं धसईच्या शाळेत जातील आणि मला दुसरीकडे पाठवतील. धसईला जायचं तर ओढा लागतो. पोश्या जाईल एक वेळ, बारकी कशी जाईल? मला इथून जायचं नाही, वहिनी. हे दादाला सांगू नकोस, पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दिवाळीला येईन तेव्हा चकल्या मी तळणार. तोवर मला विसरू नकोस.

तुझी,
अंबू


शहापूर
१० नोव्हेंबर १९५९

चि. अंबूस,
आशीर्वाद.

भाऊबीजेला तू आलीस तेव्हा सणाला तोंड कडू नको म्हणून मी विषय काढला नाही. आता लिहितो. पडवी या महिन्याअखेर जाणार असं तूच म्हणालीस. जागेवाचून शाळा चालत नाही. तू मनापासून केलंस, चांगलं केलंस, मला त्याचा अभिमान आहे. पण आता सामान बांधावंस. आपल्या बाजूला मास्तरणीची जागा मिळते का ते मी विचारून ठेवलं आहे. रविवारी २९ तारखेला मी स्वतः धसईपर्यंत येतो. ट्रंक जड असेल तर बैलगाडी सांगून ठेव.

तुझा,
दादा

(कडेच्या कोऱ्या जागेत, बारीक अक्षरात)

अंबू, हे पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून घुसले. त्यांचा राग नाही गं, त्यांना तुझी काळजी वाटते आणि ती सांगता येत नाही, म्हणून ते बैलगाडीचं लिहितात. माझी एक फजिती ऐक. काल मागच्या दारी बोटं चालवत बसले होते. मागून सासूबाई म्हणाल्या की रोज बघते आहे मी, पदराआडून, आता एकदा फुंकशील तरी केव्हा. इतके दिवस त्या झोपतच नव्हत्या! मी फुंकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि आणखी एकदा वाजव म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. तुझं काय होतं ते लगेच कळव, माझा जीव तिथं आहे. — गो.


बोरपाडा
२५ नोव्हेंबर १९५९

ती. सौ. गोदावहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आधी तू वाच, मग आईला वाचून दाखव आणि मग जेवण झाल्यावर दादाला दे. उपाशीपोटी देऊ नकोस.

काल देवजीबाबांच्या खळ्यावर राशीची पूजा झाली. भात झोडून, वारवून रास घातली होती. पीक चांगलं आलंय, दाणा टपोरा. बाबांनी मूठभर तोंडात टाकून चावून बघितला आणि गावाला सांगितलं की पोरं मुक्यानं वाजवत होती म्हणून भात दचकलं नाही. पलीकडच्या पाड्याचे दोघे तर पुढल्या पोटरीला तुमची शाळा आमच्या बांधावर उभी करा, फुंकायचं मात्र नाही, असं सांगून गेले. पोरांचं श्रेय पोरांना मिळत होतं.

ठरल्याप्रमाणे भात आल्यावर पोरांनी पहिल्यांदा फुंकायचं ते याच दिवशी, राशीपुढे. सगळं गाव पेंढ्यावर बसलं होतं. मी खूण केली, पोरांनी पावे तोंडाला लावले, गाल फुगवले, बोटं चालली, आणि आवाज काही नाही. कापूस काढायलाच विसरलो होतो! इतक्या दिवसांची सवय, मलाही आठवलं नाही. गंमत म्हणजे गावाला यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. आमचं वाजवणं त्यांनी असंच बघितलं होतं. सावळीआजी म्हणाली, चांगला वाजवला पोरांनी, आणि गूळ वाटायला उठली.

कापूस काढून पुन्हा सुरू केलं. पहिल्या फुंकरीला बाबांचे बैल उधळले ते थेट ओढ्यापर्यंत. दुसऱ्या वेळी पेजेची आठवण दिली आणि मग वहिनी, खरंच सांगते, चाल आली. वाकडीतिकडी, पण लावणीची चाल. पुढे बसलेल्या बाया आपसूक गुणगुणायला लागल्या. मी इतकी खूश कधी झाले नव्हते, आणि तेवढ्यात माझं लक्ष बारकीच्या जागेवर गेलं. जागा रिकामी होती.

तुला सांगायचं राहिलं. तिचा पुढचा एक दात दिवाळीतच पडला होता. दुसरा काल सकाळी कच्चा पेरू चावताना गेला. दात गेल्याचं तिला दुःख नव्हतं, दाखवत फिरत होती. पण पावा फुंकायला गेली तर वारा सगळा त्या खिंडीतून बाहेर, पाव्यात जाईचना. नुसतं फुस्स. बाकीच्या पोरांचे पावे बोलले आणि जिची बोटं सगळ्यांत शहाणी तिचाच मुका राहिला. ती पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन बसली होती. मी समजावलं, सावळीआजीनं समजावलं, पण ती गुडघ्यांत घातलेली मान वर करेना. पोश्या तिला स्वतःचा पावा द्यायला निघाला, पण पाव्यानं काय होणार होतं.

तेव्हा बाबा उठले. सावकाश चालत राशीपुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते, उतरवून घ्यायची मला सवय झाली आहे. ते म्हणाले, "हळवा आला, पन माजा गरव्या अजून शेतात उभा हाय. समद्यांनी फुकला तर तो दचकंल. एक पावा मुका पायजे. आन मुका वाजवनं समद्यांना जमत नाय. बारके, तू ये."

ती आली. नाक पुसत, डोळे लाल. बाबांनी कमरेच्या चंचीतून कापूस काढला, तिच्या पाव्यात स्वतः कोंबला, दाबून बघितला आणि तिला सगळ्यांच्या पुढे, राशीच्या अगदी जवळ उभी केली. मग पोरांनी पुन्हा वाजवलं. मागे सगळे पावे बोलत होते आणि पुढे ती एकटी न फुंकता बोटं चालवत होती, मान ताठ, डोळे मिटलेले. बाबांनी इतरांकडे बघितलंसुद्धा नाही. संपल्यावर त्यांनी मला सांगितलं की मधल्या ओळीत आज तिचं बोट वेळेवर उठलं.

वहिनी, गरव्या चार दिवसांपूर्वीच कापून झाला होता. भारे वाहायला मीही गेले होते. बाबांच्या शेतात कालच्या दिवशी नुसत्या धसकटांशिवाय काही उभं नव्हतं, आणि आम्ही सगळे बसलो होतो तो पेंढा त्या गरव्याचाच होता. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. एकही माणूस बोललं नाही. सावळीआजीनं पेंढ्याच्या दोन काड्या पदराला चिकटल्या होत्या त्या काढल्या आणि गूळ वाटत राहिली. मला मात्र रडू आवरलं नाही, आणि मी ते पावा पुसायच्या फडक्यानं पुसलं.

गूळ वाटून झाल्यावर मी बाबांपाशी गेले आणि म्हटलं की रविवारी माझे दादा येत आहेत, पडवी कधी रिकामी करू ते सांगा. बाबा दोरी वळायला बसले होते. त्यांनी मला दादाला आणखी एक पत्र लिहायला सांगितलं. लहानच आहे, म्हणून इथंच उतरवते.

"दादांना देवजीचा राम राम. भात आमी माजघरात ठेवतो. माजघरात मी निजत होतो, आता पडवीत निजंन, शाळा सुटली का. बारकीचा पावा अजून वाजायचा हाय. तिचे दात येईस्तोवर शाळा हालवायची नाय. तुमी या, गुळभात खाऊन जा. बैलगाडी सांगू नका, बैल अजून सापडला नाय एक."

अंगठा त्यांनी उठवला आहे. बारकीनं नेहमीप्रमाणे आपलं नाव तपासलं आहे.

आता दादा म्हणेल की सहा महिन्यांत पोरीला दात येतील, मग पुढे काय. हाच प्रश्न मी बाबांना विचारला. त्यांनी दोरीवरून मान वर न करता पडवीत खेळणाऱ्या, अजून शाळेत न आलेल्या शेंबड्या पोरांकडे बोट दाखवलं. ती पुढल्या जूनला माझ्या पहिलीत येतील. त्यांच्यानंतर त्यांची भावंडं. दादाला सांग, वहिनी, की मी पुष्कळ वर्षं घरी येत नाही. पहिलीच्या वर्गात दरवर्षी कुणाचे ना कुणाचे पुढचे दात पडलेलेच असतात.

दादाबरोबर तूही ये आणि पावा घेऊन ये. बारकीला तुझी बोटं बघायची आहेत. आईला नमस्कार, आणि जी माया मुक्यानं करता तीच यापुढेही करत राहा.

तुझी,
अंबू